तिसरी कंपनी

निर्मळ गावचे बस्त्यावमास्तर निवृत्त झाले, मागोमाग बायको सेलिन गेली. कॅनडातला मुलगा ग्लेन रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर फोन करायचा. "जेवलात? औषध घेतलं?" की संपलं.

२००७ साली युरेनियमचे भाव चढले, तेव्हा ग्लेनने विचारलं, "पप्पा, इथल्या दोन खाणकंपन्यांपैकी कुणाचे शेअर घेऊ? तुम्ही हिशेबाला पक्के."

मास्तरांनी सायबर कॅफेत बसून दोघींचे अहवाल वाचले. एकीची खाण चालू, मालाला गिऱ्हाईक ठरलेलं. दुसरीकडे नुसते नकाशे. एक केळ घडाने वाकलेली, दुसरीचा कंदही अजून लावायचा! यात डोकं शिणवण्यासारखं होतं काय? पण मास्तर वेड पांघरून पेडगावला निघाले. दर रविवारी नवी शंका काढायचे. खाणीत पाणी शिरलं तर? सरकार बदललं तर? फोन अर्धा अर्धा तास चालायचा. आठवडाभर बंद असलेलं तोंड त्या दिवशी दुखेपर्यंत बोलायचं.

एका रविवारी मास्तर उत्साहाने म्हणाले, "अरे, तिसरी एक सापडलीय, ऑस्ट्रेलियातली. लिहून घे."

"राहू द्या पप्पा. मी घेतले मागेच, त्या पहिल्या कंपनीचे." ग्लेनने सांगून टाकलं. "बाकी? जेवलात? औषध घेतलं?"