काकूंचं नाव सर्वांत वर

आमच्या गल्लीत त्यांना सगळे रफूकाका म्हणत, पण सुईत दोरा ओवणंही त्यांना कधी जमलं नाही. रफू काकू करायच्या. काका दार उघडून 'बसा' म्हणायचे. बरेच संसार अशाच वाटणीवर चालतात.

काकू गेल्या, दुकान बंद झालं, वेबसाइट तेवढी राहिली. इंटरनेटवर 'रफू' शोधलं की काकूंचं नाव सर्वांत वर. काका रोज सकाळच्या चहाबरोबर ते बघून घेत. एके दिवशी ते खाली घसरलेलं दिसलं आणि काकांचा चहा तसाच निवला.

भाची लोकांच्या वेबसाइट शोधयादीत वर आणण्याचंच काम करायची. तिला तातडीने बोलावलं.

"मामा, जुनं पान, त्यात नवं काही नाही, आणि आलेला माणूस हात हलवत परत जातो. असं पान मागे पडणारच."

"मग तिचं नाव वर ठेवायला काय भरायचं?"

"पैसे भरून होत नाही. लोकांच्या उपयोगी पडायचं. त्यांना रफू करून हवंय, कुठे मिळेल ते सांगा."

कुठे मिळेल ते काकांना पक्कं ठाऊक होतं. काकूंच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने पलीकडच्या चौकात स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हा काकूंनी धरलेला अबोला शेवटपर्यंत सोडला नव्हता. त्या मुलीची वेबसाइट शोधयादीत इतकी मागे होती, की तिथवर वाट चुकूनही कुणी जात नसे.

"त्या पोरीची लिंक दिली तर?"

"वजनदार माणसाने शिफारस केल्यासारखं होईल. ती वर येईल. पण मामा, कदाचित मामीच्याही वर."

काकांनी भाचीशी अबोला धरला. घराची रीतच ती. आठवड्याने त्यांनीच फोन केला.

"लिहून घे. पोरीने रफू केलेला कोट तुझी मामी उजेडात धरून बसली होती. भोक कुठे होतं ते तिला सापडेना. मग म्हणाली, 'पोरीचा हात माझ्याहून हलका आहे. तिला सांगू नका.'"

"सगळं टाकू?"

"शेवटचं वाक्य सोडून. खाली लिंक दे."

काही महिन्यांनी एका सकाळी त्या मुलीचं नाव सर्वांत वर होतं, काकूंचं त्याच्या खाली. काकांनी बराच वेळ बघितलं आणि चहा संपवला.

दुपारी बेल वाजली. दारात तीच मुलगी उभी होती, डोळे लाल, हातातल्या मोबाइलवर काकूंचं पान.

काकांनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, "बसा."