दादाची गाडी उकलताना

दुसऱ्याने केलेली दुरुस्ती उकलताना माझी जीभ हातापेक्षा जास्त चालते. तीस वर्षं तंत्रशाळेत फिटरचं काम शिकवलं. मुलांनी घासून आणलेले लोखंडी जॉब हातात घेऊन ‘हे कुणी केलं, दातांनी?’ असं विचारण्यात हयात गेली. मुलं हसायची, पुन्हा कानस लावायची आणि पास होऊन जायची. दादा माझा विद्यार्थी नव्हता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा भाऊ होता.

नऊ वर्षांपूर्वी त्याने आपल्या जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर स्वतः खोलून परत बसवला आणि मला कौतुकाने बघायला बोलावलं. ही गाडी लष्कराने मोडीत काढलेली. खडकीच्या कारखान्यात लागल्यावर त्याने लिलावात घेतली होती. त्या दिवशी त्याचे चार सोबती जमले होते, वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. मी एक नजर टाकली आणि म्हणालो, ‘‘दादा, तुझ्या हाताखालून गेलेली गाडी भंगारवालासुद्धा घेणार नाही.’’ सगळे हसले. दादाही थोडा हसला. ‘‘बरं,’’ म्हणाला. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही आणि मी त्याच्याकडे गेलो नाही. माझ्या नारायण पेठेतून त्याची खडकी काही परदेशात नाही. पण माफी मागायला तोंड उघडावं लागतं, आणि आमच्या घराण्यात ते फक्त टोमणे मारायला उघडतं.

यंदा मे महिन्यात वहिनींचा फोन आला. हिवाळ्यात दादाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. हे मला तेव्हाच लोकांकडून कळलं होतं आणि तरी मी गेलो नव्हतो. लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच आहे.

‘‘भाऊजी, ती गाडी तीन वर्षं बंद पडून आहे. इमारतीतले लोक हलवा म्हणतात. तुम्ही नेता का? यांना विचारलं, तर हो म्हणाले.’’

मी टेम्पो घेऊन गेलो. दादा आत झोपला होता. उठवू का, असं वहिनींनी विचारलं, तर मी घाईघाईने नको म्हणालो. ‘‘चालू करून आणतो. तेव्हा भेटतोच त्याला.’’ खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या दारात चालू गाडी उभी केली, की वेगळं काही बोलावं लागणार नाही, असा माझा बेत होता.

आमच्या इमारतीच्या बोळात गाडी खोलायला घेतली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: ‘येथे वाहने खोलू नयेत. खोलल्यास त्याच दिवशी जोडावीत.’ मी पाटीखालीच बसून काम करायचो आणि नेहमीसारखा बडबडत असायचो. बडबडण्यासारखं होतंही. दिव्यांना घरातल्या बल्बची वायर, तीही तीन रंगांची. टाकीच्या गळक्या शिवणीत अंघोळीचा साबण दाबून वरून रंग फासलेला. मागच्या ब्रेकचा तुटलेला रॉड सायकलच्या स्पोकने पिळून बांधलेला. एकाही बोल्टाला पाना लागला नव्हता, सगळ्यांची डोकी पकडीने झिजवून गोल केलेली. प्लगच्या भोकाचे आटे गेले होते, तिथे लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी भरून प्लग चक्क चिकटवलेला.

‘‘अरे, प्लग म्हणजे काय कपाची दांडी आहे चिकटवायला?’’ मी मोठ्याने म्हणालो आणि हातातला पाना खाली ठेवला. प्लगच्या भोकाला नवे आटे पाडणं हे माझं दोन तासांचं काम. दादाला ते माहीत होतं. तरी त्याने लांबीचा डबा आणला, ती बोटांनी मळली आणि एकट्याने बसून भरली. त्या दिवसापासून प्रत्येक वाईट दुरुस्ती म्हणजे दादाने मला न केलेला एक फोन, असंच दिसायला लागलं. साबण म्हणजे एक. स्पोक म्हणजे एक. झिजलेले बोल्ट तर किती होते.

क्लचचं झाकण उघडलं, तर ऑइल गळू नये म्हणून बसवतात ते आतलं गॅस्केट जाड कार्डाचं निघालं. ऑइलने तपकिरी झालं होतं, तरी अक्षरं लागत होती: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. पुतणीच्या लग्नाची पत्रिका. मला ती पोस्टाने आली होती. घरी येऊन कुणी अक्षत दिली नाही, म्हणून मी मानाने घरात बसून राहिलो होतो. पण गॅस्केट सुरेख कापलेलं होतं, कात्री न लावता. कार्ड झाकणावर धरून कडेकडेने हलक्या हातोडीने ठोकत गेलं, की नेमका आकार सुटतो. ही पद्धत मीच कधीतरी त्याला दाखवली होती आणि तेव्हा त्याने जांभई दिली होती. मी बोळात बसून रडलो. वरून कुणीतरी विचारलं, ‘‘काय हो, लागलं का?’’ मी हो म्हणालो.

जुलैत गाडी सुरू झाली. धूर सोडत होती, दिवा नव्हता, टाकीवर नुसता प्रायमर होता, पण दुसऱ्या किकला उठली. बायको खाली आली आणि म्हणाली, ‘‘अहो, आत्ताच जाऊन या ना. एवढी फुटफुटतेय.’’

‘‘अशी अर्धवट? दादाकडे?’’

आयुष्यभर त्याच्या अर्धवट कामाला हसलो, आता माझं अर्धवट काम त्याच्यापुढे कसं न्यायचं? वहिनींना तेवढा फोन केला: ‘‘सुरू झाली. रंग झाला की आणतो, एखाद्या रविवारी.’’ मग क्रोम करून घेतलं. मग सीटचं कव्हर. टाकीला काळा रंग झाला, त्यावरची सोनेरी रेषा हाताने ओढणारा पेंटर शहरात आता एखादाच उरलाय. गणपती तोंडावर आलेले, तो एका मंडळाच्या देखाव्यात अडकलेला. स्टिकरची रेषा दहा मिनिटांत मिळाली असती. मी नाही म्हणालो. थांबलो. चांगले तीन आठवडे थांबलो.

गणपतीच्या चार दिवस आधी सकाळी वहिनींचा फोन आला. झोपेतच गेला, म्हणाल्या. गाडी बोळात टाकीशिवाय उभी होती. मी रिक्षाने गेलो. नऊ वर्षांनी दादाचं तोंड पाहिलं, तेव्हा नाकात कापूस होता.

तेराव्याला जेवणं उरकून मंडळी गेल्यावर वहिनी व्हरांड्यात येऊन बसल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘‘तुमचा फोन आल्यापासून यांनी दर रविवारी लेंगा घालायचं सोडलं. पँटकडे बोट दाखवायचे. पट्टा मीच लावायचे, डाव्या हाताने यांना जमत नसे. आंघोळ करून इथे, या खुर्चीत, जेवणापर्यंत बसायचे. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की मान वळायची. मग आत नेऊन मी यांना परत लेंगा घालायचे.’’

‘‘वहिनी, मला कळवायचंत. मी तशीच आणली असती.’’

‘‘फोन हातात घेतला होता एकदा. हे नको म्हणाले. ‘नको’ तेवढं अगदी स्पष्ट यायचं यांना. मग हातानेच सांगितलं, करू दे म्हणून. घाई केली की तुम्ही चिडता, ते यांना ठाऊक होतं ना.’’

‘‘नसतो हो चिडलो,’’ मी म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, ‘‘ते यांना कसं कळणार?’’