महाले सरांच्या गाडीचं हँडल

रोज एकाच रस्त्यानं गाड्या हाणणारी चार माणसं चहाला एकत्र बसली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठत जातात. कुणी पंक्चरचं सांगतो, कुणी कुत्र्याचं. मग एक जण हमखास म्हणतो, "ते राहू द्या, हँडलचं सांगा." आणि ते मलाच सांगावं लागतं.

आमची बैठक म्हणजे मोखाड्याला पंचायत समितीसमोरची चहाची टपरी. काळ दोन हजार सालाच्या आगेमागे. आपला तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. मी पोशेऱ्याच्या बाजूला प्राथमिक शिक्षक. भोये भाऊसाहेब ग्रामसेवक. गावित सिस्टर आरोग्य उपकेंद्रावर, मोटारसायकलवरून पाडे फिरायच्या. आणि महाले सर, आमचे केंद्रप्रमुख. राहायला जव्हारला, निवृत्ती जवळ आलेली. सगळ्या शाळांचा दौरा ते शंभर सीसीच्या गाडीवर करायचे आणि सुट्टी लागली की त्याच गाडीवर काकूंना मागे बसवून निघायचे. त्र्यंबक, वणी, डहाणूचा समुद्र, सगळं दोघांनी गाडीवरून पाहिलेलं.

*

सुरुवात झाली ती मोखाड्याच्या अलीकडच्या घाटात. सरांचा उजवा खांदा बरेच दिवस आखडत चालला होता, पण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एका डाव्या वळणावर हात पुढे जाईना. हँडल अर्धंच वळलं आणि गाडी अगदी हळू, एखादी म्हैस बसते तशी, कडेच्या गवतात बसली. मागे काकू.

लागलं कुणालाच नाही. काकूंच्या बांगड्या तेवढ्या फुटल्या. त्या उठल्या, लुगडं झटकलं, मागून आलेली जीप हात दाखवून थांबवली आणि चढता चढता सरांना म्हणाल्या, "तुम्ही या सावकाश."

त्या दिवसापासून काकू गाडीवर बसल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. फक्त बसायच्या नाहीत.

नाशिकच्या डॉक्टरांनी खांदा तपासला, व्यायाम सांगितले आणि शक्यतो गाडी सोडा म्हणाले. सर मोखाड्याला पोचेपर्यंत त्याचा अर्थ "हँडल बदला" असा झाला होता.

*

पहिलं नवं हँडल सरांनी नाशिकहूनच आणलं. सरळसोट, बुटकं, चकचकीत. दुकानदार म्हणाला होता, सध्या कॉलेजची पोरं हेच लावतात. जव्हारच्या रफिकभाई मेकॅनिकनी ते बसवलं आणि सर पोशेऱ्याकडे निघाले.

त्या हँडलला धरायचं म्हणजे टाकीवर जवळजवळ झोपावं लागे. सर मान खाली घालून, रस्त्यावर नजर लावून, सावकाश येत होते. वाटेत शेतावरून परतणारे दोघे थांबले, त्यांच्या पुढे चालत तेही रस्त्यावर वाकून बघायला लागले. बरंच अंतर असं गेल्यावर त्यातल्या एकानं विचारलं, "गुरुजी, काय पडलंय? किल्ली क?"

*

दुसरं हँडल भोयांच्या चुलतभावानं भिवंडीहून पाठवलं. हे इतकं उंच की सर गाडीवर बसले की दोन्ही हात खांद्याच्या वर. सिस्टरनी पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं पोरांना हात वर करून उभं केलंत, त्याची फेड चाललीय का?"

रफिकभाईंनी आधीच बजावलं होतं, "सर, केबल छोटी पडेल, एक दिवस गाडी ठेवून जा." पण सरांना दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. मोखाड्याच्या बाजारात हँडल पूर्ण वळवल्याबरोबर ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली आणि गाडी आपणहून निघाली. समोर सुक्या मासळीचा ढीग. सरांनी दोन्ही पाय टेकवून गाडी कशीबशी थांबवली, पण पुढचं चाक बोंबलांत टेकलंच.

मासळीवाली जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, "गुरुजी, घ्यायचं असल तर उतरून घ्या."

संध्याकाळी सरांना चहाचा कपही उजव्या हातानं उचलवेना. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला आणि आम्ही कुणी तिकडे पाहिलं नाही.

*

मग सिस्टरनी सूत्रं हातात घेतली. "दुकानात काय चांगलं दिसतं ते पुरे झालं. तुमचा हात कुठे सुखात राहतो ते आधी बघू."

पंचायत समितीच्या आवारात सरांची गाडी स्टँडवर लावली. हँडल काढून टाकलं. सर सीटवर बसले, पाठ ताठ, डोळे मिटलेले, हातात टपरीवरच्या केरसुणीचा दांडा. सिस्टर सांगत होत्या, "खांदे सैल सोडा. आता हात आपोआप येतील तिथे येऊ द्या. अजून खाली. अजून जवळ." दांडा सरांच्या पोटापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. मी माप घ्यायला वाकलो. मग सिस्टरनी पिशवीतून पोरांचं कुपोषण बघायला दंडाला लावायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी काढली आणि सरांच्या दंडाला गुंडाळून बघितली. दुखण्यानं हात पार वाळला होता. सरांनी डोळे न उघडताच विचारलं, "कुठल्या रंगात?"

"पाच वर्षांखालचे असता तर हिरव्यात धरलं असतं," सिस्टर म्हणाल्या.

एवढ्यात बीडीओ साहेब बाहेर आले. नवीनच बदलून आलेले. हँडल नसलेल्या गाडीवर डोळे मिटून, केरसुणी धरून बसलेला केंद्रप्रमुख त्यांनी थोडा वेळ पाहिला.

"महाले सर, काय चाललंय?"

सर म्हणाले, "साहेब, खोडाळ्यापर्यंत आलोय. आत्तापर्यंत काही त्रास नाही."

*

तसं हँडल मिळालं ते विक्रमगडच्या रस्त्यावर, एका दूधवाल्याच्या जुन्या गाडीला. रुंद, दोन्ही टोकं मागे वळलेली, हातांत आपोआप येणारी. सरांनी त्याला थांबवलं, परवानगी मागितली, गाडीवर बसले आणि डोळे मिटले. दूधवाला घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "थांब जरा, त्यांना सवय आहे."

शेवटी रफिकभाईंकडे जाऊन अदलाबदल झाली. नाशिकचं चकचकीत हँडल त्याला, त्याचं गंजकं सरांना. तो जाता जाता दोनदा मागे वळून बघत होता, आम्ही विचार बदलतो की काय म्हणून.

या वेळी सरांनी गाडी रफिकभाईंकडे ठेवली. त्यांनी गंज घासून काढला, केबली नीट फिरवल्या, पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकीला लागतो म्हणून हँडल किंचित वर उचललं. सर जव्हारहून खोडाळ्याला जाऊन परत टपरीवर आले, गाडी लावली आणि उजवा हात वर नेऊन डोक्यावरची टोपी काढली.

सिस्टर बोलता बोलता थांबल्या. सर म्हणाले, "काय झालं?" त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं.

*

पण काकू जीपनंच जात राहिल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "तुमचा हात बरा झाला, मला आनंद आहे. माझी भीती अजून बरी व्हायचीय." सरांनी कधी आग्रह केला नाही. कुठे जायचं असलं की काकू जीपमध्ये अगदी मागच्या बाजूला बसायच्या आणि सर जीपच्या मागोमाग गाडी चालवायचे. म्हणजे दोघं समोरासमोर. सर हातानं विचारायचे, ऊन लागतं का? काकू मानेनं नाही म्हणायच्या. काकू पदराची खूण करायच्या, मफलर घ्या. सर घ्यायचे. जव्हार ते मोखाडा असा संसार चाले.

एकदा जीपवाल्यानं गाडी थांबवली आणि मागे येऊन सांगितलं, "काकू, आत सरकून बसा नाहीतर सरांना पुढे काढा. सगळं पॅसेंजर तुमच्याकडंच बघतंय, भाडं कुणी काढत नाय."

*

सर निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून लग्नाचं बोलावणं आलं. सरांची पहिली नेमणूक तिथली. तेव्हा रस्ता नव्हता, शाळाही एका पडवीत भरायची. ती पडवी जानीआजीची. पहिलं वर्षभर सरांनी तिच्या हातची नागलीची भाकर खाल्ली होती. आता तिच्या नातीचं लग्न होतं आणि पाड्यापर्यंत कच्चा रस्ता झाला होता.

सर गाडीवरून गेले. मी आणि भोये माझ्या गाडीवर. काकू जीपनं फाट्यावर उतरल्या आणि तिथून उन्हात चालत आल्या. जानीआजीनं त्यांना येताना पाहिलं. घामानं भिजलेला चेहरा पाहिला, अंगणात उभी असलेली गाडी पाहिली. पाणी दिलं, जेवायला वाढलं.

निघायच्या वेळी काकू पुन्हा फाट्याकडे चालायला लागल्या तेव्हा आजीनं त्यांचं मनगट धरलं.

"बाय, घोव गाडीवर जातो न तू पायी?"

"पडले होते एकदा, आजी," काकू म्हणाल्या. "भीती बसलीय."

आजीनं मान डोलावली. काकूंचं मनगट न सोडता ती गाडीजवळ गेली. एक फेरी मारली. दिव्यावर हात फिरवला. मग मनगट सोडलं, समोर उभी राहून हँडलची दोन्ही टोकं धरली, जरा हलवून बघितली, वाकून एकेका टोकावरून तळवा मागपर्यंत नेला. सर गाडीवर बसलेले होते.

"शिंगां बघ हिची," आजी म्हणाली. "मागं वळलेली हायत. असलं जनावर मारत नाय."

काकू हँडलकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, सरांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे बसल्या.