मनगटावरची रेघ

ते दोन हात मी अजून विसरलेलो नाही. ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच, त्यामुळे देशी माणसाची कुठलीही भानगड माझ्याच टेबलावर यायची.

खबर एका शेजारणीने फोनवर दिली. अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये तिने एका तरुण मराठी बाईचे हात पाहिले होते. लाल, सोललेले, फोडांनी भरलेले. विचारताच बाई कपडे तिथेच टाकून पळाली.

त्या बाईला शोधून इस्पितळात पाठवलं आणि नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही हात सारखेच भाजल्यासारखे आहेत, मनगटापाशी सरळ रेघ आहे. कुणी उकळत्या पाण्यात धरले असावेत." माझं डोकंच फिरलं. बायकोचा छळ करणाऱ्यांची मला मुळातच चीड.

नवरा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, काडीपैलवान. हक्क वाचून दाखवले, तर वकील नको म्हणाला. "सर, मीच केलं. रिपोर्टमध्ये तसं लिहा. फक्त तिला काही विचारू नका, प्लीज."

गुन्हेगार इतक्या सहज कबूल होत नाही.

"पाणी कशात तापवलंत?"

"भांड्यात."

"तिने हात ओढून घेतले नाहीत?"

"नाही... म्हणजे, हो."

खोटं बोलायची सवय नव्हती बिचाऱ्याला. सार्जंट मात्र अडून बसला. कबुली आहे, आत टाक. मी तासाभराची मुदत मागितली आणि नवऱ्याला घेऊन इस्पितळ गाठलं.

तिथे वेगळाच पेच. सूज चढून हिरव्या काचेच्या बांगड्या मनगटात रुतत होत्या. नर्स त्या फोडायला आली की बाई हात मागे घेई. "नको, ह्यांच्या नावाच्या आहेत!" नवरा दिसला आणि तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. त्याने मलम लावून, कातडीला धक्का न लावता, एकेक बांगडी उतरवली. छळणाऱ्याच्या हाती कुणी आपला दुखरा हात असा देत नाही.

मी पुन्हा रेघेकडे पाहिलं. थंडीत गस्तीवरून आलो की हातमोज्याची अशीच रेघ माझ्याही मनगटावर असायची.

"हातमोजे घालून कुठे काम करता?"

तिला रडू फुटलं. "काका, मला इंडियाला परत पाठवाल? माझ्या व्हिसावर जॉब अलाउड नाही."

एका वर्कशॉपमध्ये ती यंत्रांचे तेलकट भाग रसायनाच्या टबात धुवायची. बांगड्यांमुळे रबरी हातमोज्याचं तोंड मनगटाला बसत नसे. रसायन आत शिरायचं आणि कामाची पाळी संपेपर्यंत कातडी खात राहायचं. मालकाने दम दिला होता, बोललीस तर परत जाशील.

नवरा म्हणाला, "मला चार दिवस जेल झाली असती, सर. हिला मात्र कायमचं पाठवलं असतं." एवढा शिकलेला, पण असल्या गुन्ह्यात वर्षं जातात हे त्याच्या गावी नव्हतं.

व्हिसा तपासणं माझं काम नव्हतं आणि मी ते अंगावर घेतलंही नाही. नवऱ्याला सोडलं. कामगार खात्याचे निरीक्षक वर्कशॉपवर गेले, तेव्हा आणखीही बायकांचे हात तसेच निघाले.

नवऱ्याच्या आयुष्यासाठी तिने ज्या बांगड्या कामावरही उतरवल्या नाहीत, त्यांनीच त्याला कोठडीच्या दारात नेलं होतं. त्यानंतर कुणी पटकन कबुली दिली की मी पेन खाली ठेवायचो. हा कुणाला वाचवतोय, ते आधी शोधायचो.