कडी ओढून बघणारे भास्करअण्णा

कुठल्याही घरात शिरले की भास्करअण्णा आधी दाराची कडी ओढून बघायचे. चहापाणी नंतर. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं सुरतेत घरोघरी चोरघंटा बसवत फिरायचो. बिनवायरीच्या, रिमोटवर चालणाऱ्या. अण्णा अमळनेरकडचे, राहायला सुरतेतल्याच पांडेसऱ्यात. यंत्र बसवून झालं की शेठाणीला गुजरातीत कडी लावायला बजावायचे आणि जिना उतरताना मला म्हणायचे, "मशीन नुसतं आरडस, भाऊ. अडावस ती कडी."

रिमोटच्या आणि यंत्राच्या पोटात आठ-आठ बारीक बटणं असत. ती प्रत्येक घरी वेगळी वर-खाली केली, तरच एका घरचा रिमोट दुसरीकडे चालत नसे. अण्णा चष्मा चढवून, दातकोरणं घेऊन ते काम करत बसायचे. मी आळशी. कारखान्यातून आली तशीच ठेवायचो, म्हणजे दुरुस्तीला सगळीकडे एकच रिमोट पुरे.

एका सोसायटीत अण्णांना हे कळलं. तिथल्या चार बंगल्यांत मी यंत्रं बसवली होती. भर दुपारी चारही बंगलेवाल्यांना अंगणात बोलावलं, खिशातला एकच रिमोट दाबला आणि चारही यंत्रं बंद करून दाखवली. असा रिमोट बाजारात कोणालाही मिळतो, आतली बटणं आजच बदलून देतो, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं.

दिवाळीत त्यातलं एक कुटुंब गावाला गेलं आणि बंगला धुऊन निघाला. यंत्र जागच्या जागी, मुकाट. चारही घरांनी पोलिसांना एकच नाव सांगितलं. अण्णा तीन दिवसांनी सुटले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. पुढे खरा चोर सुरतेजवळच्या सचिन गावात सापडला, बाजारातल्या रिमोटसकट. पण अण्णांना पुन्हा कोणी दारात उभं केलं नाही.

ही यंत्रं कोणी बसवली, असं पोलिसांनी मलाही विचारलं होतं. लक्षात नाही, म्हणालो. अण्णांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं.

"तुले लेकरं शेतस, भाऊ. मन्हं काय?"

दोन वर्षांत अण्णा गेले. दहाव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाल्या, "तुम्ही बरोबर असायचे. खरं सांगा, यांनी काही केलं नव्हतं ना?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. पुढचं वाक्य माझ्या तोंडून तेव्हाही निघालं नाही.