हलगीवाल्याला पाजा

दोघांनी मला धरलं. एकानं केस, एकानं जबडा. तिसऱ्यानं बाटली ओतली. अर्धी तोंडात गेली, अर्धी नाकात. गळ्यात हलगी, हात गुंतलेले. नवरदेव घोड्यावर, पाव्हणेरावळे मागं, आन् समदे हसायले. "पाजल्याबगार मांगाचा हात सुटत न्हाय," कुणीतरी म्हणलं. तवा मला मिसरूड बी फुटलं नव्हतं. शेजारी माझा बाप सनई घेऊन उभा. त्यो बी हसला.

आमच्याकडं रीतच हाय. हलगी जाळावर शेकायची आन् वाजवणारा दारूवर. लगीन असू द्या, जत्रा असू द्या, मयत असू द्या, बाटली आधी. पुढं पुढं बाटली न्हाय आली तर मीच मागायला लागलो.

रक्ताची उलटी झाली तवा बायकोनं, सुमननं, सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर म्हणल्या, "काका, आता प्यालात तर वाचणार नाही. भूमला दारू सोडलेल्यांची मीटिंग असते, तिथं जा." भूम आमचा तालुका, पण तिथं कुठं, ते त्यांना बी ठाऊक नव्हतं.

बाजारादिवशी गेलो. यष्टी स्टँडवर एकाला इचारलं. त्यो हसला. "दारूचं दुकान इचार की मर्दा, डोळे झाकून सांगतो." पानटपरीवाल्यानं खरंच दोन दुकानं दाखवली. दोन्ही मला पाठ. त्या दिवशी तसाच माघारी आलो. पुढच्या बाजाराला पुन्हा गेलो. शेवटी शाळा झाडणाऱ्या मावशीनं एका वर्गाकडं बोट दाखवलं.

पोरांची बुटकी बाकडी, त्यात गुडघे अडकवून बसलेले बाप्ये. मीटिंग एक रिटायर गुरुजी चालवायचे. म्हणले, इथं निसतं नाव सांगायचं, आडनाव न्हाय. मला रडूच आलं. आडनाव इचारल्याबगार मला कुणी कधी शेजारी बसवलं नव्हतं.

आन् समोर कोण, तर आमच्याच गावचे आबा. बागायतदार, गावात त्यांचा शब्द कुणी मोडत न्हाय. आबा उठले. म्हणले, "मी दारुडा हाय. एक घोट बी मला मारील." मीटिंग सुटल्यावर त्यांनी माझ्या हातात हात दिला. चहा एकाच किटलीतला, कप बी सारखेच. घरी येऊन सुमनला सांगितलं, आबांनी हात दिला. ती म्हणली, "बघा, मंग हुतंय की." तेवढाच एक दिस आमच्या घरात बरा गेला.

मग आबांच्या पुतण्याचं लगीन निघालं. वाजवायचा सांगावा आला. मी कोरडा गेलो. हलगी शेकली, पण ठेका सुटायला लागला. पोरं वरडली, "लागंना की हलगी!" आबा मांडवाच्या दारात उभे होते. मला वाटलं, हा माणूस आता माझ्या बाजूनं बोलंल. बोलले. माझ्याकडं बघून, मला वळखून बोलले.

"हलगीवाल्याला पाजा रे. त्याबगार त्याचं न्हाय जमत."

गिलास आला. वास नाकात शिरला. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? समदं अंग त्या गिलासाकडं वढ घेत हुतं. गिलास घेतला, आबांपुढं जाऊन धरला. म्हणलं, "आबा, आधी तुम्ही घ्या."



"माज आला का रं?" आबा म्हणले. मी दारू मातीत ओतली. मग मला मानगुटीला धरून भाईर काढलं. कुणाचा तरी पाय हलगीवर पडला आन् ती फाटली.

तवापासून सांगावा न्हाय. आता शेजारच्या गावची बँजो पार्टी येती. आमच्या मांगवाड्यातले बी म्हणले, "एका गिलासापायी समद्यांच्या पोटावर पाय आणलास." सुमन दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती आन् माझ्याशी बोलत न्हाय.

पुढच्या मीटिंगीत हे समदं सांगितलं. आबांचं नाव न घेता सांगितलं. गुरुजी म्हणले, "बाहेरचं बाहेर ठेवा. इथं फक्त आपल्या दारूविषयी बोलायचं."

म्या म्हणलं, "गुरुजी, माझी दारू भाईरूनच आली की."

आबा खाली बघत चहा प्याले. त्या दिवशी कुणी हात बी दिला न्हाय.

गेल्या बाजारी गेलो तर वर्गाला कुलूप. मावशी म्हणली, "मीटिंग दुसरीकडं न्हेली. तुमाला न्हाय सांगितलं व्हय?" न्हाय सांगितलं. तिथंच पायरीवर बसून ऱ्हायलो. समोरच्या रस्त्यानं दोन मिंटात दुकान लागतं. कसा उठलो आन् कसा यष्टीत बसलो, माझं मला म्हाईत.

दारू सुटंल का, काय म्हाईत. दिवस कलला की अंग फाटतंय. जवळ काम न्हाय, माणूस न्हाय. बरं हुईल असं मला वाटत न्हाय, आन् तसं कुणी म्हणू बी नका.

पण मी मीटिंग हुडकणार. भूम केवढं हाय? घरोघर इचारीन. लोक दुकान दाखवतील, दाखवू द्या. सापडली की दार ढकलून आत जाणार, आबांच्या समोर बसणार, आन् त्यांनी मला पाजायला सांगितलं हे या खेपेला त्यांचं नाव घेऊन सांगणार. ऐकवत नसंल तर त्यांनी उठून जावं. मी उठणार न्हाय.