गुरुजींच्या हातात मी दिलेलं स्टिअरिंग

आजवर मी इतक्या गोष्टी सांगितल्या, की अकोल्याच्या बस स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर माझ्या नावानं बाकडं राखून ठेवलेलं असतं. खोटं नाही. बरं, थोडं खोटं आहे. बाकडं सगळ्यांचंच आहे, मी गेलो की लोक सरकतात एवढंच. पण एक गोष्ट त्या बाकड्यावर कधी निघाली नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवापुढे हात जोडले, की जगभराचं मागतो आणि तेवढीच एक ओलांडून घाईनं बाहेर येतो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की वाचणारा माणूस मधेच तोंडावर थुंकू शकत नाही, म्हणून?

मी मोटारींचे विमे काढतो. एजंट. वऱ्हाडात मला सगळे बापू म्हणतात, आणि माझी जाहिरात मीच करतो. माणूस दुकानाच्या पायऱ्या चढताना त्याच्या चपलांच्या आवाजावरून त्याला कोणती पॉलिसी बसेल ते मी सांगतो, असं मी सांगतो. रविवारी फक्त मंदिरापर्यंत गाडी काढणारा डॉक्टर वेगळा. त्याला कमी किलोमीटरवाली स्वस्तातली. नव्यानं शिकलेला जावई वेगळा. त्याला बंपरपासून बंपरपर्यंत सगळं, कारण तो खांबालाच भेटायला जातो. जुनी गाडी घेणारा मास्तर, जीपमध्ये माणसं कोंबणारा, गाडीवर चादर टाकून तिच्याकडे नुसतं पाहत बसणारा — प्रत्येकासाठी मी कुठून तरी स्वस्त शोधून काढतो. आणि माझी सगळ्यात मोठी बढाई कोणती, माहीत आहे? 'बापूच्या हातचा क्लेम कधी वापस येत नाही.' अमरावतीपासून अकोल्यापर्यंत हे वाक्य मी पेरलं. त्यानंच घात केला — नाही. घात मी केला. वाक्यं काही करत नसतात.

दर्यापूरचे वानखडे गुरुजी माझे गिऱ्हाईक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्यासारखा ड्रायव्हर विमा कंपनीला स्वप्नातही पडत नसेल. चाळीसच्या वर काटा नाही, वळणावर हॉर्न, रात्री गाडी बाहेर काढायची नाही, क्लेम कधीच नाही. त्यांच्यावर मी किती किस्से रचले! गुरुजींच्या गाडीला मागून आलेली म्हैस ओव्हरटेक करते आणि पुढे जाऊन वळून पाहते. पेरणीच्या दिवशी अकोल्याहून निघाले, तर दर्यापूरला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंच्या सोयाबीनला शेंगा. गुरुजी स्वतः हसायचे. म्हणायचे, "बापू, तुमच्या तोंडाले ब्रेक नाही, अन् माह्या पायाखालून तो निघत नाही." त्या किश्शांनी मला गिऱ्हाइकं मिळाली. लोक ऐकायला यायचे आणि पॉलिसी काढून जायचे.

गुरुजींच्या शेजारी राहत बाबारावभाऊ. हार्डवेअरचं मोठं दुकान, दोन टेम्पो, एक मोटार. सगळ्यांचे विमे माझ्याकडे. बाबारावभाऊंचं लायसन केव्हाच संपलं होतं. पुन्हा काढायला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की मोतीबिंदू बाहेर येणार, हे त्यांनाही माहीत होतं. मला? मलाही माहीत होतं. एकदा मी त्यांच्या काउंटरवर कोपर टेकून म्हटलं होतं, "भाऊ, विमा गाडीचा असते, डोयाचा नाही." दुकानातली सगळी माणसं खो खो हसली. तेव्हा मी गप्प बसून त्यांना दाखला आणायला लावला असता तर? पण गप्प बसणं मला जमलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

आता त्या दुपारकडे यावं लागेल. येतो. येतोच आहे.

गुरुजींची मुलगी प्रज्ञा तेव्हा अकोल्याला होस्टेलमध्ये शिकत होती. सकाळी तिचा फोन आला — ताप आहे, बाबा, पांघरूण घेऊन या. गुरुजींची गाडी गॅरेजमध्ये. बाबारावभाऊ माल बघायला अकोल्यालाच निघाले होते, म्हणून गुरुजी त्यांच्या गाडीत बसले. डाव्या सीटवर, मांडीवर पांघरुणाची पिशवी घेऊन. निम्म्या रस्त्यात समोर एक मोटारसायकल वळली — दुधाचे कॅन लावलेली. बाबारावभाऊंना ती दिसलीच नाही. दूधवाला जागच्या जागी गेला. गाडी पुढे बाभळीवर आदळली, डावी बाजू आत गेली, आणि गुरुजींचा जीव दवाखान्याच्या वाटेवर गेला.

आमच्याकडे अपघात झाला की पहिला फोन पोलिसांना जात नाही, घरीही जात नाही. एजंटला येतो. एजंटानंच तसं शिकवलेलं असतं: आधी मला सांगा, मग तोंड उघडा. मी जवळच्याच गावात होतो. पोलिसांच्या आधी पोचलो. शेतात काम करणाऱ्या बायांनी दोघांनाही गाडीतून ओढून काढलं होतं. गुरुजींना कुणाच्या तरी जीपमध्ये घालून पाठवलं होतं. त्या घाईत कोण कुठल्या बाजूनं निघालं, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. बाबारावभाऊ बांधावर बसले होते. कपाळ फुटलेलं, डावा हात लोंबकळत. मला पाहून लहान लेकरासारखे रडले.

"बापू, लायसन नाही ना माह्यापाशी. मेलो रे मी."

मी विचारलं, "कोन चालवून राह्यलं होतं?"

"मीच ना. दुसरं कोन?"

आणि मी म्हटलं — इथं माझा हात थांबतोय, पण लिहितो — मी म्हटलं, "नाही. गुरुजी चालवत होते."

तेव्हा गुरुजी गेल्याचा फोन नुकताच आला होता. ऐकून मला दुःख झालं का? झालं. पण त्याच्या आधी, अगदी एका श्वासाआधी, मला दुसरंच सुचलं होतं: गुरुजींचं लायसन चालू आहे. दुःख दुसऱ्या नंबरवर आलं. बाबारावभाऊ माझ्याकडे बघत राहिले. पोलीस आले तेव्हा त्यांनी माझंच वाक्य म्हटलं: गुरुजी चालवत होते. मी शेजारी उभा होतो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. आधार द्यायला नाही. ते डगमगले तर दाबायला.

क्लेम पास झाला. बापूच्या हातचा होता ना.

दूधवाल्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली, आणि बरेच दिवस मी स्वतःला तेच सांगून झोपवलं — बघ, तुझ्यामुळे दूधवाल्याच्या आईला मिळालं. पण मला कायदा येतो. तिला ते तसंही मिळालं असतं. कंपनीनं नंतर बाबारावभाऊंच्या मानगुटीवर बसून वसूल केलं असतं, एवढाच फरक. भरपाई गेली ती गुरुजींच्या घरची. शेजारी बसलेला माणूस मेला तर घरच्यांना मागता येते. ज्याच्या चुकीनं अपघात झाला, त्याच्या घरच्यांनी काय मागायचं? वहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, मलाच विचारलं. मीच त्यांना समजावलं, अगदी शांतपणे, पाण्याचा ग्लास हातात देऊन. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाले जास्त कयते, बापू."

पण हेही सगळं नाही. इथं थांबलो तर ती पुन्हा बढाईच होईल — कमी सांगण्याची.

लोकांना पटेना. सगळं दर्यापूर विचारू लागलं, गुरुजी? ते तर पायी चालणाऱ्याले पुढे जाऊ देत! त्यांच्या हातून असं कसं होईल? म्हशीचा किस्सा मीच घरोघरी पोचवला होता, आणि आता तो आडवा येत होता. मग मी दुसरा रचला. म्हटलं, पोरीचा तापाचा फोन आला आणि बापाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. गुरुजींनी बाबारावभाऊंच्या हातून किल्ली हिसकली आणि गाडी पळवली. तेरवीच्या मांडवात — नाही, बौद्धांच्या घरी तेरवी नसते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता — त्या मांडवात मी हे पहिल्यांदा सांगितलं. वंदना संपून लोक उठत होते, चार जण माझ्याभोवती थांबले, आणि मला चढलं. हो, चढलं. दुसऱ्या खेपेला गाडीचा स्पीड वाढला. टपरीवर आणखी वाढला. पुढे पुढे तर माझ्या गोष्टीतले गुरुजी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं लेकीला फोन लावत होते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं. एवढी चांगली गोष्ट मी आयुष्यात कधी सांगितली नव्हती, आणि तिच्यातला शब्द न् शब्द एका मेलेल्या माणसावर उलटवलेला होता.

ती गोष्ट प्रज्ञापर्यंत जाईल, हे मला कळत नव्हतं? की कळत होतं?

महिन्याभरानं वहिनींनी निरोप पाठवला — दूधवाल्याच्या घरी जायचं आहे, तुमच्या गाडीनं न्याल का? मी नेलं. मागच्या सीटवर मायलेकी. दूधवाल्याच्या दाराशी वहिनी खाली वाकल्या आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पायांना हात लावून म्हणाल्या, "आमच्या माणसाकून झालं, माय. माफी द्या." म्हातारीनं त्यांना उठवलं नाही. घरातून कुणीतरी शिवी दिली, गुरुजींच्या नावानं. प्रज्ञा आईच्या मागं उभी होती, ओढणी तोंडाशी धरून. मी कुठं होतो? गाडीत. ए. सी. सुरू ठेवून. काच वर करून.

बाबारावभाऊ त्यानंतर कधी स्टिअरिंगला शिवले नाहीत. नंतर एकदा ते दवाखान्यात असताना भेटायला गेलो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या दिवशी गुरुजी दोनदा म्हणाले, भाऊ, द्या मी चालवतो. मी म्हटलं, तुमच्या हाती देली तं अकोल्याचा बाजार उठून जाईन. तुह्या म्हशीची गोष्ट सांगितली त्याहीले. हासले बिचारे, अन् बसून राह्यले." मी उठून आलो. पुन्हा भेटायला गेलो नाही. गेल्या वर्षी बाबारावभाऊही गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत मी पुढे होतो, आणि खरं सांगतो, खांदा देताना मला हलकं वाटलं. आता हे माहीत असलेला मी एकटाच.

हे लिहिण्याचं कारण या उन्हाळ्यातलं आहे. प्रज्ञा दुकानात आली. जयभीम, काका, म्हणाली आणि समोर बसली. अमरावतीला सरकारी नोकरीत आहे आता. आई दर्यापूरला एकटी, दर शनिवारी यावं लागतं, म्हणून जुनी, छोटी गाडी घेते आहे. म्हणाली, "माह्यासारख्या ड्रायव्हरले स्वस्तात काय बसते ते पाहा. पण काही कमी करू नका काका. समोरच्याचं सगळं कव्हर झालं पाहिजे. आमच्या घराच्या माथी एक माणूस आहे आधीचाच."

मी कीबोर्ड पुढे ओढला आणि तिचं नाव टाकलं.

मग ती सहज म्हणाली, जसं कुणी हवामानाचं बोलावं, "ताप साधाच होता, काका. गोळी घेतली अन् संध्याकाळी उतरला. मी फोन नसता केला तं बाबानं पळवली नसती."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. एक वाक्य होतं फक्त — तुझा बाबा गाडी चालवत नव्हता. एवढंच. मी, ज्यानं म्हशीला वळून पाहायला लावलं, त्याला एक खरं वाक्य उचलता आलं नाही. उचललं नाही. मी तिच्यासाठी पाच कंपन्यांचे भाव काढले, सगळ्यात कमी भावात सगळ्यात जास्त बसवलं, माझं कमिशन सोडलं. ती म्हणाली, "तुमी होते म्हणून आमचं त्या वेळेस निभलं." आणि मी ते घेतलं. मान हलवून घेतलं.

ती उठली. दारापर्यंत गेली. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला जाताना एक वाक्य म्हणतो, वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून आपोआप पडतं.

"हळू चालवजो, बाई."

ती थांबली. वळली नाही. तिची मान हळूहळू खाली गेली, आणि दाराच्या काचेला हात लावून ती म्हणाली, "हो काका."